विश्लेषण : वर्गात येऊनही वाचता न येणाऱ्या प्रौढांना शिकवणार कोण?

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी देशभर राबवला जाणारा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी आहे. त्याअंतर्गत गोव्याने ३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, स्वतःला पूर्ण साक्षर जाहीर केले. केंद्राच्या व्याख्येनुसार ९५ टक्के साक्षरता गाठली की राज्य ‘पूर्ण साक्षर’ ठरते. प्रश्न आहे तो उरलेल्या पाच टक्क्यांचा. त्यात वर्गापर्यंत कधीच न पोहोचलेले आहेत, तसेच वर्गात येऊन, महिनोन् महिने पाटी गिरवूनही वाचता न आलेलेही आहेत. या दुसऱ्या गटातील काहींची अडचण डिस्लेक्सियाची असू शकते, काहींची नजरेची, काहींची केवळ चुकीच्या पद्धतीने शिकवले गेल्याची. त्यांना शिकवणाऱ्या स्वयंसेवकाला हा फरक ओळखायला कोणी शिकवले आहे का?

वर्गात नेमके काय घडते?

संध्याकाळी सातची वेळ. समाजमंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा बायका बसल्या आहेत. शिकवणारी मुलगी महाविद्यालयात जाते, गावातलीच आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकींना स्वतःचे नाव लिहिता येऊ लागते, बसची पाटी वाचता येऊ लागते. एकीला मात्र काल आलेले अक्षर आज ओळखता येत नाही. ‘म’ म्हणून दाखवलेले अक्षर ती ‘भ’ वाचते. फळ्यावरचे वाचताना अडते, तेव्हा शेजारची पटकन सांगून टाकते. मग ती मागे सरकून बसते. कधी चष्मा घरी राहिलेला असतो, कधी म्हशीची धार काढायची असते. आणि एक दिवस ती म्हणते, ‘माझ्या डोक्यात नाही शिरत, पोरी. दुसऱ्या कुणाला शिकव.’

शिकवणाऱ्या मुलीकडे या वाक्याला उत्तर नसते. तिला मिळालेल्या प्रशिक्षणात पुस्तिका कशी वापरायची, हजेरी कशी नोंदवायची, अॅपवर नोंदणी कशी करायची हे होते. वयाने मोठ्या माणसांशी आदराने बोलावे, हेही होते. जिला येत नाही तिला कसे शिकवायचे, हे नव्हते. ती बाई वर्गातून गळते आणि कागदावर त्याचे कारण ‘कामामुळे गैरहजर’ असे उरते.

ही बाई बुद्धीने कमी नाही, हे गावात सर्वांना माहीत असते. बचत गटाचा हिशेब तिला तोंडपाठ असतो, व्याजाच्या आकड्यात तिला कोणी फसवू शकत नाही. मराठीत ‘कळतं पण वळत नाही’ असे म्हणतात; इथे कळतेही आणि वळतेही, अडते ते फक्त कागदावर.

डिस्लेक्सिया म्हणजे काय, आणि तो मुलांचाच विषय आहे का?

लिखित चिन्ह आणि बोललेला ध्वनी यांची जोडणी मेंदूत सहज, आपोआप न होणे, हा डिस्लेक्सियाचा गाभा. बुद्धिमत्तेशी त्याचा संबंध नाही. शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकणे, ते क्रमाने लक्षात ठेवणे आणि पाहिलेल्या अक्षराचे नाव झटकन आठवणे, या तीन गोष्टी अशा व्यक्तींना जड जातात. लोकसंख्येत त्याचे प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के मानले जाते. म्हणजे दहा-बारा जणांच्या साक्षरता वर्गात एखादी तरी व्यक्ती अशी असणे हे अपवादात्मक नाही, अपेक्षितच आहे.

गंमत अशी, की हा शब्द मुळात प्रौढांसाठी जन्माला आला. रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८८७ मध्ये तो वापरला, तो मेंदूच्या आजारामुळे वाचनाची क्षमता गमावलेल्या मोठ्या माणसांबाबत. शिकूनही वाचता न येणाऱ्या मुलाचे वर्णन ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये केले आणि पुढे सगळे लक्ष शाळकरी मुलांवर गेले. आपल्याकडेही २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा शब्द घरोघरी नेला, तो एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या रूपात. त्या मुलाला चित्रकलेचे सर भेटले. ज्यांना असे कोणी भेटले नाही, जे दुसरी-तिसरीतच ‘ढ’ ठरून शाळेबाहेर पडले, ते आज तीस-चाळीस वर्षांचे आहेत आणि साक्षरतेच्या सर्वेक्षणात ‘निरक्षर’ या एकाच रकान्यात मोजले जातात.

मग प्रौढांची चाचणी का करत नाहीत?

कारण चाचण्याच मुलांसाठी घडवलेल्या आहेत. बेंगळूरुच्या निम्हान्स संस्थेची, देशात सर्वाधिक वापरली जाणारी चाचणीमाला पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे, ही मोठी सोय; पण तीही पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, असा क्रम घातला गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाटी हातात घेणारी व्यक्ती या रचनेत कुठेच बसत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पुरेसे शिक्षण मिळूनही वाचन येत नसेल, तरच त्याला अध्ययन अक्षमता म्हणावे, असे निदानाचे निकष सांगतात. जी व्यक्ती शाळेतच गेली नाही, तिच्याबाबत ‘पुरेसे शिक्षण’ झालेलेच नसते. त्यामुळे तिचे निदान नियमानेच अडते. आणि निदान नाही म्हणून विशेष पद्धतीने शिकवणे नाही. हे चक्र कागदावर तर्कशुद्ध दिसते. प्रत्यक्षात ते त्या बाईला वर्गाबाहेर ठेवते.

लखनौजवळच्या गावांत काय आढळले?

निरक्षरता आणि डिस्लेक्सिया यांची सरमिसळ का होते, हे समजण्यासाठी भारतातलाच एक अभ्यास महत्त्वाचा आहे. उत्तर प्रदेशात लखनौजवळच्या गावांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुसंख्य तिशीतल्या स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवण्यात आले. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅन काढण्यात आले. जर्मनी व नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्था आणि लखनौ व हैदराबाद येथील भारतीय संशोधक यांचे हे संयुक्त काम मे २०१७ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सहा महिन्यांत या स्त्रिया साधारण पहिलीच्या मुलाइतके वाचू लागल्या. बदल मात्र केवळ मेंदूच्या वरच्या थरात झाला नव्हता. मेंदूस्तंभ आणि थॅलॅमस या खोलवरच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या भागांचे दृष्टिकेंद्रांशी असलेले जुळणे वाढले होते. मोठ्या वयात मेंदू ‘घट्ट’ होतो, त्याला आता वळण लागत नाही, हा समज त्यामुळे बराच सैल पडला.

पण शिकवणाऱ्यांसाठी यातला पुढचा मुद्दा जास्त मोलाचा आहे. थॅलॅमसमधील काही वेगळेपणा हे डिस्लेक्सियाचे कारण असावे, असे काही संशोधक मानत आले आहेत. पण जो भाग केवळ सहा महिने वाचायला शिकल्याने बदलतो, तिथले वेगळेपण हे कारण आहे की वाचनाचा सराव नसल्याचा परिणाम? संशोधकांनी हाच प्रश्न उपस्थित केला. मेंदूचे चित्र पाहूनही जिथे कारण आणि परिणाम सहज वेगळे काढता येत नाहीत, तिथे समाजमंदिरातल्या स्वयंसेवकाने पहिल्याच महिन्यात एखादीवर ‘हिला डिस्लेक्सिया आहे’ किंवा ‘हिला जमणार नाही’ असा शिक्का मारणे चुकीचेच ठरेल. फरक कळतो तो चांगले शिकवायला लागल्यावर. नीट, क्रमाने, भरपूर सरावासह शिकवल्यावर बहुतेक जण वेग घेतात. जे तरीही अडतात, त्यांच्यासाठी पद्धत आणखी बदलायची. शिक्षक प्रशिक्षणाचा आराखडा याच क्रमावर उभा राहायला हवा.

मराठी लिपीत अडथळे कुठे येतात?

डिस्लेक्सियावरील प्रशिक्षणाचे बहुतेक साहित्य इंग्रजीवर बेतलेले असते. त्यात ‘बी’ आणि ‘डी’ची उलटापालट असते, स्पेलिंगची कटकट असते. मराठीत दुखणे वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते शिकवणाऱ्याला माहीत असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

इंग्रजीच्या तुलनेत देवनागरी बरीच नियमबद्ध आहे. लिहिले तसे बहुतांशी वाचता येते. अशा लिपींमध्ये डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसतो. व्यक्ती वाचते बरोबर, पण एकेक अक्षर ओढत. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. चुका मोजणाऱ्या शिक्षकाला वाटते, हिला येते आहे. अर्थ विचारला की ती गप्प होते.

अक्षरांच्या साम्याचा प्रश्न आहेच. म आणि भ, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, ट आणि ढ. ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ असा दोन अक्षरांत वाचला जाण्याची शक्यता तर सर्वांच्याच अनुभवाची. पुस्तिकेत अशी सारखी दिसणारी अक्षरे लागोपाठच्या धड्यांत आली, तर सर्वसाधारण शिकणारा गोंधळतो आणि डिस्लेक्सिया असलेला तिथेच अडकतो. साधा उपाय म्हणजे एक अक्षर पक्के होईपर्यंत दुसरे आणायचेच नाही.

याहून अवघड आहे डोळा आणि कान यांचा उलटा क्रम. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. ‘अस्थिर’ या शब्दात ती ‘स’च्याही आधी जाऊन बसते. रफाराचे नेमके उलटे : ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी येतो, दिसतो मात्र ‘य’च्या डोक्यावर. ज्याला ध्वनींचा क्रम धरून ठेवणेच कठीण आहे, त्याला ही लिपी एकदा पुढे आणि एकदा मागे धावायला लावते. आणि ‘र’ तर बहुरूपीच. ‘अर्ज’, ‘क्रमांक’, ‘महाराष्ट्र’, ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत त्याची चार रूपे आहेत, पाचवे त्याचे मूळ रूप. यातले निदान तीन शब्द कोणत्याही सरकारी फॉर्मवर भेटतात.

बोलीचा मुद्दा मात्र डिस्लेक्सियापासून कटाक्षाने वेगळा ठेवायला हवा. घरी ‘पानी’ म्हणणारी बाई ‘पानी’ लिहिते, तेव्हा ती चुकलेली नसते. तिने ऐकलेला ध्वनी अचूक कागदावर उतरवलेला असतो. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्याने ‘डोया’ लिहिले, तर तेही तसेच. ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी पक्की झाल्याचा तो पुरावा आहे. त्यावर लाल रेघ मारणारा शिक्षक शिकणाऱ्याच्या बरोबर उत्तरालाच चूक ठरवतो. आदिवासी भागात, जिथे घरात गोंडी किंवा कोरकू बोलली जाते, तिथे तर अक्षरओळखीआधी मराठी शब्दच ओळखीचे व्हावे लागतात. तिथला संथपणा हा परक्या भाषेचा असतो.

कायदा काय सांगतो?

२०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या आधीच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. नव्या कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. कलम १६ मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घालते. कलम १७ शिक्षकांच्या प्रशिक्षणाबाबत बोलते. आणि कलम १८, ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही, ते प्रौढ शिक्षणाबाबत आहे. प्रौढ व निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत दिव्यांगांचा इतरांच्या बरोबरीने सहभाग राहील यासाठी सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाय योजावेत, असे ते सांगते.

म्हणजे कायद्याचा आधार आहे. पण मुलांसाठीच्या कलमाला पुढे यंत्रणा मिळाली, दहावी-बारावीला सवलती मिळाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरांमागे एक असे सांगितले. कलम १८ ला असे काहीही मिळाले नाही. प्रौढ दिव्यांग म्हटले की वर्गाच्या दारातला उतार आणि अंधांसाठी ब्रेल इथपर्यंत विचार जातो. न दिसणाऱ्या अडचणीला उतार कसला बांधायचा, हे ठरलेलेच नाही.

शिकवणाऱ्याला काय शिकवायचे?

सर्वांत आधी, डोळे तपासून घ्यायला. हे इतके साधे आहे की प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात त्याला जागाच मिळत नाही. मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, ते उगाच नाही. साक्षरता वर्गातील बरीच मंडळी त्याच वयाची किंवा पुढची असतात आणि आयुष्यभर बारीक अक्षर पाहण्याची वेळच न आल्याने जवळचे दिसत नाही हे त्यांना स्वतःलाही माहीत नसते. सुईत दोरा ओवता येतो का, एवढे विचारले तरी अंदाज येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील नेत्रतपासणी आणि एक साधा चष्मा यांनी जे काम होते, ते कोणत्याही अध्यापनपद्धतीने होणार नाही. ऐकू कमी येण्याचेही तेच.

दुसरे, सुरुवात अक्षराने न करता आवाजाने करायला. ‘कमळ’मध्ये पहिला आवाज कोणता, ‘मीठ’ आणि ‘मिरची’ यांत सारखे काय, ‘भाकरी’तून ‘भा’ काढला तर काय उरते. हे खेळ तोंडी चालतात, पाटी लागत नाही. ओव्या, उखाणे आणि कोडी यांत वाढलेल्या बायकांना यमक आणि अनुप्रास यांचा कान आधीच असतो. प्रौढ शिक्षणाला मिळालेले हे आयते भांडवल आहे. ते वापरायचे सोडून पहिल्या दिवसापासून ‘अ आ इ ई’ गिरवायला लावणे म्हणजे पोहता येणाऱ्याला काठावर बसवून हात हलवायला शिकवण्यासारखे आहे.

तिसरे, एका वेळी थोडे आणि पुन्हा पुन्हा. डिस्लेक्सिया असलेल्या व्यक्तीला तेच अक्षर पक्के व्हायला इतरांच्या कितीतरी पट सराव लागू शकतो. तो एका बैठकीत उरकून चालत नाही. आज, परवा, पुढच्या आठवड्यात, असा पसरावा लागतो. अक्षर डोळ्यांनी पाहायचे, तोंडाने म्हणायचे, बोटाने पिठात किंवा रांगोळीत काढायचे, मग पाटीवर. आपल्याकडे धुळाक्षरे होतीच. संशोधनाने दुजोरा दिलेला भाग हा की ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध स्पष्ट सांगून, ठरलेल्या क्रमाने, साध्याकडून अवघडाकडे जात शिकवले तर फायदा होतो. रंगीत काचा, विशेष फॉन्ट, मेंदूचे व्यायाम यांच्या जाहिराती मोबाइलवर पुष्कळ दिसतात. त्यांच्यामागे तसा भक्कम पुरावा नाही. स्वयंसेवकाने त्यात स्वतःचे किंवा शिकणाऱ्याचे पैसे घालू नयेत, एवढे प्रशिक्षणात सांगितले तरी पुरे.

चौथी गोष्ट तंत्राची नाही, इभ्रतीची आहे. मोठ्या माणसाला चारचौघांत उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. शाळेत जे घडले त्यामुळे कित्येकांनी शाळा सोडली, तेच वर्गात पुन्हा घडवू नये. जोडीने वाचावे, शिक्षकाने आधी वाचून दाखवावे, मग दोघांनी मिळून, मग एकट्याने हळू आवाजात. चुकले की लगेच सांगून न टाकता पाच आकडे मोजेपर्यंत थांबावे. हे थांबणे शिकायला प्रशिक्षणात वेळ लागतो, कारण मदत करायची हौस असलेल्या माणसालाच ते सर्वांत अवघड जाते.

आणि मजकूर त्यांच्या आयुष्यातला हवा. शिकणाऱ्याने सांगितलेल्या दोन वाक्यांतूनच धडा करता येतो : ‘आज कांदा बाराशेने गेला.’ हे वाक्य तिचेच असल्याने अर्थ तिला आधीच ठाऊक असतो आणि सगळी शक्ती अक्षरे ओळखण्यावर खर्च करता येते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ च्या महिलादिनी सुरू झालेल्या ‘आजीबाईंच्या शाळे’ची गुलाबी नऊवारीतली छायाचित्रे जगभर गेली. साठ ते नव्वद वयाच्या आज्या दप्तर घेऊन येतात, याचा अर्थ मान दिला तर माणसे येतात. आल्यावर टिकतात, ती मात्र आपल्याला येते आहे असे त्यांना दिसले तर.

मोबाइलचे काय? बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मराठी मजकूर वाचून दाखवण्याची आणि बोललेले लिहून देण्याची सोय आहे. ती वापरली तर बायका वाचायला शिकणारच नाहीत, अशी भीती काही कार्यकर्त्यांना वाटते. पण डिस्लेक्सिया असलेल्या व्यक्तीसाठी ही सोय चष्म्यासारखी आहे. फोन वाचत असताना त्याच ओळीवर बोट फिरवले, तर ती सरावाचीही होते. बँकेतून आलेला संदेश नातवाला न दाखवता स्वतः ऐकता येणे, हेच कित्येकींसाठी वर्गात येण्याचे कारण असते.

इतर देशांत असे प्रशिक्षण दिले जाते का?

इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. क्लॉस मोझर यांच्या समितीने १९९९ मध्ये अहवाल दिला, की दर पाच प्रौढांमागे एक, म्हणजे ७० लाखांपर्यंत लोक, दैनंदिन वाचन-लेखनात अडतात. २००१ मध्ये सरकारने मोठा साक्षरता कार्यक्रम हाती घेतला. प्रौढांना साक्षरता शिकवणाऱ्यांसाठी स्वतंत्र विषयपात्रता आणली आणि २००४ मध्ये प्रौढ शिक्षकांसाठी डिस्लेक्सिया समजून घेण्याची एक सविस्तर चौकट प्रसिद्ध केली. वेगवेगळे सिद्धांत आणि पद्धती शिक्षकापुढे मांडून, समोरच्या शिकणाऱ्याला काय लागू पडते ते त्याने पाहावे, अशी तिची भूमिका होती. पुढे २०१३ मध्ये महाविद्यालयीन शिक्षकांना पात्रतेची कायदेशीर सक्तीच काढून टाकण्यात आली. प्रशिक्षण सक्तीचे होते तोवर त्यासाठी पैसा होता. नंतर ते संस्थेच्या मर्जीवर राहिले.

त्यांचे मॉडेल उचलून इथे आणता येणार नाही. तिथले शिकणारे बहुतेक शाळेत जाऊन आलेले होते, शिकवणारे पगारी होते. आपल्याकडे शिकणारी व्यक्ती पहिल्यांदा वर्गात येते आणि शिकवणारा विनामोबदला काम करतो. घेण्याजोगा धडा एकच : प्रौढांना शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, लहान मुलांच्या शिक्षणाची छोटी आवृत्ती नाही, हे सरकारने मान्य केले होते.

महाराष्ट्रात हे कोण करणार?

नवभारत साक्षरता कार्यक्रमाचा पाच वर्षांचा खर्च १,०३७.९० कोटी रुपये आहे; त्यातले ७०० कोटी केंद्राचे, उरलेले राज्यांचे. उद्दिष्ट पाच कोटी लोकांचे. म्हणजे माणशी साधारण दोनशे रुपये. एवढ्या पैशांत पगारी तज्ज्ञ शिक्षक नेमता येणार नाहीत, हे उघड आहे, आणि म्हणूनच सगळी रचना स्वयंसेवकांवर उभी आहे.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये या कार्यक्रमाच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता. हे अशैक्षणिक काम आहे, त्याने शाळेतल्या मुलांचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते. निवडणूक, जनगणना, पोषण आहार या यादीत आणखी एक भर, असेच त्याचे रूप होते. पण दारोदार फिरून निरक्षर मोजणे आणि अडलेल्या माणसाला वाचायला शिकवणे या दोन कामांत फरक आहे. पहिले कोणीही करू शकतो. दुसरे शिक्षकाचेच काम आहे, आणि त्यासाठी त्याला वेळ, प्रशिक्षण व मोबदला मिळायला हवा.

प्रशिक्षणाची सध्याची वाटचाल राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे, तिथून केंद्राकडे आणि शेवटी स्वयंसेवकाकडे अशी होते. वरच्या पातळीवर दोन दिवस चाललेला विषय खाली पोहोचेपर्यंत तासाभराचा होतो. प्रत्येक स्वयंसेवकाला डिस्लेक्सियाचा तज्ज्ञ करण्याचा खटाटोप या वाटेने यशस्वी होणार नाही. त्याऐवजी दोन स्तर करता येतील. प्रत्येक स्वयंसेवकाला फक्त एवढेच पक्के शिकवावे : डोळे तपासून घ्या, आवाजापासून सुरुवात करा, सारखी अक्षरे एकत्र आणू नका, चारचौघांत वाचायला लावू नका, आणि साधारण तीन महिन्यांनी जी व्यक्ती मागे राहील तिचे नाव वर कळवा. आणि तालुक्याला निदान दोन माणसे अशी असावीत, ज्यांना या कळवलेल्या नावांपर्यंत जाऊन पद्धत बदलून देता येईल. समग्र शिक्षा अभियानात तालुका पातळीवर काम करणारे विशेष शिक्षक आज शाळकरी मुलांसाठी आहेत. त्यांना प्रौढांना शिकवण्याचे पूरक प्रशिक्षण आणि महिन्यातून काही संध्याकाळींचा मोबदला देणे, हे नवी पदे निर्माण करण्यापेक्षा स्वस्त आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे हे सोपवता येईल.

‘सुधारणा आवश्यक’ म्हणजे काय?

या कार्यक्रमातील पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी १५० गुणांची असते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुण. प्रत्येक भागात किमान ३३ टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. उत्तीर्ण होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते; जो कमी पडतो त्याला ‘नापास’ न म्हणता ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो आणि पुढच्या चाचणीला पुन्हा बसता येते.

शब्द बदलला हे चांगलेच झाले. पण आधीच्याच स्वयंसेवकाकडे, आधीच्याच पुस्तिकेने, आधीच्याच पद्धतीने पुन्हा तेच गिरवायचे असेल, तर सुधारणा कुणाची अपेक्षित आहे, हा प्रश्न उरतो. संख्याज्ञानात ४० गुण आणि वाचनात १२ गुण मिळवणारी एखादी बाई आपल्या गुणपत्रिकेतूनच बरेच काही सांगत असते. असे विषम गुण असलेली नावे वेगळी काढायला कोणतीही नवी चाचणी लागत नाही. चाचणीचे तपशील अॅपवर भरलेलेच असतात. ती यादी तालुक्याकडे पाठवायची आणि त्या नावांपर्यंत कोणाला तरी पाठवायचे, एवढे काम २०२७ च्या मार्चपूर्वी करता येण्यासारखे आहे.